हँडलवरच्या चपला

दाजीचा चेहरा अगदी सोज्वळ झाला की सबस्टेशनमधली माणसं आधी आपापले खिसे चाचपायची. त्या सकाळीही तो तसाच सोज्वळ चेहरा करून चहा ढवळत बसला होता आणि मनातल्या मनात मेहुण्याचे बूट कुठे लपवावेत याची जागा शोधत होता.

दाजी म्हणजे लाइनमन. खांब चढता चढता केस पिकले, पण खोड्या हिरव्याच राहिल्या. त्याला दाजी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या मेहुण्याचा. पण मेहुणा दिवसभर इतक्या हाका मारायचा, की ऑपरेटरपासून झाडूवाल्या बाईपर्यंत सगळ्यांचाच तो दाजी होऊन बसला.

मेहुणा म्हणजे मास्तर. समोरच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर त्याचा इंग्रजी बोलायला शिकवायचा क्लास. वीज गेली की पंखे बंद, पंखे बंद की क्लास बंद, आणि क्लास बंद की मास्तर इथे, सबस्टेशनमध्ये, फुकटच्या चहाला. आज पलीकडच्या रस्त्यावर एका खांबावरची जंप जळाली होती. जंप म्हणजे खांबाच्या अलीकडची तार पलीकडच्या तारेला जोडणारा वाकडा तुकडा. तो अर्धवट जळून लोंबत होता, म्हणून ऑपरेटरने त्या भागाची सगळी लाइनच बंद ठेवली होती आणि टेबलावरचा फोन सारखा किंचाळत होता.

"लाइन कधी येणार? येईल. काम चालू आहे," ऑपरेटर फोनवर सांगत होता. काम अजून चहा ढवळत होतं.

"दाजी, एवढी वर्षं लाइनमन म्हणवता स्वतःला," मास्तर म्हणाला. "लाइन म्हणजे काय, सांगा बरं."

"तुझ्या बहिणीसारखं नको विचारू. लाइन म्हणजे लाइन. गेली की आम्हाला शिव्या, आली की आम्ही कोण."

"झालं? एवढ्यात संपलं? अहो, डिक्शनरीत पानभर अर्थ आहेत त्या एका शब्दाचे. रेघ. ओळ. रांग. कपाळावरची सुरकुती. मासे पकडायचा दोरा. नटाने बोलायचं वाक्य. घराणं, म्हणजे वंश."

"कपडे वाळत घालायची," दाजी म्हणाला. "तिकिटाला उभं राहायची. पोरगं सुधारलं की जिच्यावर येतं ती. आमच्या लाइनीत असं चालत नाही म्हणतात ती. बॉलरची."

"बॉलरची म्हणजे दिशा. ती माझ्याकडे होती."

"होती ना, मग बोलला का नाहीस. आणि मुख्य ती राहिलीच. कॉलेजात असताना तू समोरच्या गॅलरीवर मारायचास ती."

ऑपरेटर फोनचं तोंड हाताने दाबून हसायला लागला. मास्तरचे कान लाल झाले.

"ती डिक्शनरीत नाही," मास्तर म्हणाला.

"ती तुलाही मिळाली नाही. त्या लाइनवर कायमचं भारनियमन."

मग पैज लागली. जो आधी अडेल त्याने आठवडाभर दुसऱ्याचे बूट पुसायचे. ऑपरेटर पंच. मास्तर बोटं मोडत पुढचे अर्थ आठवायला लागला आणि दाजीला त्या बुटांवरूनच जागा सुचली. दाराबाहेर भिंतीला लाल बादल्या टांगलेल्या होत्या, आग विझवायच्या वाळूने भरलेल्या. पॅनेलच्या खोलीत यायचं तर पायताण बाहेर काढायचा नियम होता. मास्तरचे चकचकीत बूट दाराशी आयतेच उभे होते.

"तुझं आठवेपर्यंत मी काम करून येतो," म्हणत दाजी उठला.

इथे सबस्टेशनची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रीतीवर लोंबकळत होतं. लाइन बंद करायची तर पॅनेलवरचं एक मोठं लोखंडी हँडल खाली ओढायचं. हँडल खाली असलं की लाइन मेलेली. पण कुणी येऊन ते वर ढकललं तर? कागदावर लिहायचे नियम होते, पण कागदावर कुणाचा जीव बसत नाही. म्हणून इथल्या जुन्या माणसांनी ठरवून टाकलं होतं, की जो खांबावर चढणार त्याने चढायचे बूट घालताना आपल्या चपला त्या हँडलला टांगायच्या. काम झालं की ज्याच्या त्याने येऊन काढायच्या. चपला दिसतात तोवर माणूस तारेवर आहे. चपला निघाल्या, म्हणजे माणूस खाली आला, घाला हँडल वर. साहेब आले, साहेब गेले, ही रीत कधी चुकली नाही.

दाजीच्या चपला तर आंधळ्यालाही ओळखू आल्या असत्या. उजवीचा पट्टा तुटला होता, तिथे त्याने लाल वायर ओवली होती. त्या त्याने हँडलला टांगल्या. ऑपरेटरने मान डोलावली.

"मौनीच्या कुठेत?" ऑपरेटरने विचारलं.

मौनी म्हणजे दाजीचा जोडीदार. बोलायला त्याला कर भरावा लागत असावा, इतका कमी बोलायचा.

"तो घरनंच बूट घालून परस्पर गेलाय. माझी जोडी दोघांची समज."

ऑपरेटरला ते फारसं आवडलं नाही, पण तेवढ्यात फोन परत वाजला. दाजी बाहेर पडला, बूट वाळूत पुरले, वरून हात फिरवून वाळू सपाट केली, मोजे आत कोंबायला विसरला नाही, आणि शीळ घालत निघाला.

मौनी आधीच पलीकडच्या खांबावर चढून बसला होता. कमरेचा पट्टा खांबाभोवती, अंग मागे झुकलेलं, पाठ रस्त्याकडे, दोन्ही हात जळक्या जंपमध्ये. त्याच्या बरोबर खाली आइस्क्रीमवाल्याचं दुकान. माल वितळू नये म्हणून त्याने फुटपाथवर जनरेटर लावला होता आणि तो असा काही धडधडत होता की खांबसुद्धा थरथरत होता. दाजीला अलीकडच्या खांबावरचा एक ढिला चिनीमातीचा इन्सुलेटर आवळायचा होता. लाइन बंद केल्यावर तारांवर साखळी टाकून ती जमिनीला जोडायची असते, चुकून वीज आलीच तर ती माणसात न शिरता जमिनीत जावी म्हणून. साखळी सबस्टेशनच्या कोपऱ्यात पडलेली होती. हातासरशी होणारं काम, कोण एवढी जड साखळी वर नेतंय, असं म्हणून दाजी तसाच चढला.

वरून गल्ली छान दिसते. कुणाच्या गच्चीवर कोण झोपलंय, कुठला दुकानदार वजनात हात मारतो, सगळं. दाजी पक्कड फिरवत फिरवत पैजेचे शब्द आठवत होता. फोनची लाइन राहिली होती. ती सांगितली की मास्तर गार.

आणि तेवढ्यात मास्तरच येताना दिसला.

छाती पुढे काढून, अगदी लढाई जिंकल्यासारखा चालत होता. दाजीला हसू फुटलं. बूट सापडले नाहीत, अनवाणी आलाय भांडायला. मास्तर खांबाखाली आला, वर बघितलं आणि एक पाय उचलून हलवून दाखवला.

"दाजी, शोभतात का बघा," तो खालून ओरडला. "आता या अनवाणी घरी."

पायात चप्पल होती. पट्ट्याच्या जागी लाल वायर.

दाजीचं हसू तोंडावरच राहिलं, आतून मात्र सगळं निघून गेलं. त्याने तारेवरचे हात काढले, असे काढले की पक्कड सुटून खाली पडली. चप्पल इथे आहे. म्हणजे हँडल रिकामं आहे. ऑपरेटर हँडलकडे बघेल आणि म्हणेल, आला दाजी, घेऊन गेला चपला, झालं काम.

त्याने मौनीकडे पाहिलं. मौनीची पाठ दिसत होती. कोपर हलत होतं.

"मौनी!" दाजीने घसा फाडला. आवाज जनरेटरने मध्येच खाऊन टाकला.

त्याने खिशातून फोन काढला. सबस्टेशनचा नंबर लावला. व्यस्त. परत लावला. व्यस्त. सगळा भाग त्या एका नंबरवर तुटून पडला होता, लाइन कधी येणार विचारायला. मग ऑपरेटरचा स्वतःचा मोबाइल लावला. तो वाजला. वाजत राहिला. दाजीला माहीत होतं तो का उचलत नाही. मागच्याच आठवड्यात दाजीने तोंडावर रुमाल धरून मोठ्या साहेबांच्या आवाजात त्याला फोन केला होता आणि भर उन्हात अंगणातले दगड मोजायला लावले होते. तेव्हापासून दाजीचा नंबर दिसला की ऑपरेटर फोन पालथा घालून ठेवायचा.

राहिला मास्तर.

"मास्तर, चपला कुठनं घेतल्यास?"

"कुठनं म्हणजे? तुम्हीच शोकेसमध्ये लावल्यासारख्या टांगून ठेवल्या होत्या. माझे बूट पळवता, वर तुमच्या चपला मिरवता. घेतल्या."

"ऑपरेटर काय म्हणाला?"

"तो मागे नळावर कप धुतोय. त्याला कुठे विचारू? त्याला सांगितलं असतं तर तुमच्यात सामील झाला असता."

कप धुतोय. तीन कप. दाजीला ते कप दिसायला लागले. ऑपरेटर स्वच्छतेचा माणूस. कप धुणार, पुसणार, पालथे घालणार, मग आत येणार.

"मास्तर, परत जा. त्या चपला हँडलला टांग. पळत जा. मौनी तारेवर आहे."

"जातो ना. तुम्ही वरनं मजा बघा."

"आईशप्पथ, खोटं नाही."

"कुणाच्या आईची?" मास्तर कमरेवर हात ठेवून म्हणाला. "मागे माझी आई चक्कर येऊन पडली म्हणून मला भर बाजारातनं पळवलंत. घरी जाऊन बघतो तर आई लसूण सोलत बसलेली. तेव्हापण शपथ होती."

खरं होतं. ती खोडी दाजीने सगळ्या नातेवाइकांना साभिनय सांगितली होती. आत्ता तोच मास्तर खाली उभा होता, ओठांच्या कोपऱ्यात हसू धरून, कुठल्याही नव्या गोष्टीला फसायचं नाही असं ठरवून. दाजी रडला असता तरी तो म्हणाला असता, वा, ह्या वेळी पाणी पण काढलंत डोळ्यांतनं. आणि याच्यापाशी वाद घालत बसायला वेळ नव्हता.

दाजीने खांबाला मिठी मारली, खाली वाकला आणि सपाट आवाजात म्हणाला, "तुझे बूट तिसऱ्या बादलीत आहेत."

"काय?"

"दाराबाहेरच्या लाल बादल्या. तिसरी. वाळूखाली. मोजे बुटातच आहेत."

मास्तरच्या ओठावरचं हसू तसंच राहिलं, मग एका बाजूने ढळलं. बहिणीच्या लग्नात नवरदेवानेच मेहुण्याचे बूट लपवून उलटा कारभार केला होता. तेव्हापासून मास्तरचा चष्मा, छत्री, सायकल, एकदा तर वरातीसाठी आणलेला अख्खा बँडवाला दाजीने लपवला होता. जागा त्याने कधी सांगितली नव्हती. पाया पडलं तरी नाही, बहीण रुसली तरी नाही. आज न विचारता सांगत होता. मोज्यांसकट.

मास्तरने मान वर केली. दाजीच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग तारेकडे. तारेवरून नजर सरकत पलीकडच्या खांबावरच्या त्या पाठमोऱ्या माणसापर्यंत गेली.

तो वळला आणि पळाला. चपला मोठ्या, पाय लहान, दोन ढांगांत अडखळला. मग त्याने चपला काढून हातात घेतल्या आणि अनवाणी सुटला.

दाजीने कमरेचा पट्टा सोडवला. एरवी तो पट्टा डोळे मिटून सुटायचा, आज आकडा हाताला सापडेना. सापडला तेव्हा तो खांबाच्या पायऱ्या न बघताच उतरला, शेवटच्या दोन पायऱ्या उडीच मारली. गुडघ्यातून कळ गेली. पळताना त्याला आपल्याच बुटांचा राग येत होता, जड, तळाला चार बोटं रबर. पट्टा हातात लोंबत होता. मास्तर एकीकडे पळतोय, आपण दुसरीकडे, आणि मधे ऑपरेटर शांतपणे कप पुसतोय.

आइस्क्रीमवाल्याच्या दुकानासमोर दोन बाया उभ्या होत्या. त्यांना ढकलत तो खांबापाशी पोचला. "मौनी, हात काढ," तो ओरडला आणि स्वतःलाच ऐकू आलं नाही. जनरेटर पायाशी होता. वर मौनीचे बूट दिसत होते, तार धरलेले हात दिसत नव्हते.

लाइनमनची एक खूण असते. खांबावर लोखंडाने तीन ठोके मारले की वरच्याने हात काढायचे. का, कशाला, विचारायचं नाही. आवाज ऐकू नाही आला तरी खांबातून तो पायांना कळतो. दाजीने आयुष्यात झाडून सगळ्या गोष्टींची चेष्टा केली होती. देवाची केली, साहेबाची केली, सासूची केली. ठोक्यांची कधी केली नव्हती. तेवढं एक त्याने बाजूला ठेवलं होतं. का ते कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्याला कुणी विचारलंही नव्हतं.

त्याने पट्ट्याचा लोखंडी आकडा घट्ट धरला आणि मारला. एक. पट्टा मनगटाला गुंडाळला गेला, सोडवून परत मारला. दोन. तीन.

मौनीचे दोन्ही हात वर गेले. कान पकडायला लावलेल्या पोरासारखा तो पट्ट्याच्या भरवशावर मागे झुकून, तळवे उघडे टाकून बसला. खाली बघितलंही नाही.

काही झालं नाही. जनरेटर धडधडत होता. दोन बाया दाजीकडे वेड्याकडे बघावं तसं बघत होत्या. दाजीच्या मनात आलं, पोचला असेल मास्तर. टांगल्या असतील. उगाच आपण.

तड.

निळा तुकडा चमकला, मौनीच्या तोंडापासून हातभरावर. अर्ध्या जोडलेल्या जंपमधून ठिणग्या खाली आल्या आणि बायांच्या पायाशी विझल्या. रस्त्याच्या अलीकडच्या दुकानांमध्ये ट्यूबा फडफडल्या, कुठेतरी मिक्सर आपोआप ओरडायला लागला, लोक "आली, आली" म्हणाले. मौनी हलला नाही. हात वर, डोळे त्या तारेवर.

मग सगळं परत विझलं. मिक्सर रडत रडत थांबला. लोक "गेली" म्हणाले.

दाजी खांबाला पाठ लावून फुटपाथवर बसला.

सबस्टेशनमध्ये दोघं गेले तेव्हा मास्तर पॅनेलसमोर उभा होता. पायाला खडी लागून रक्त आलं होतं. हँडल खाली होतं, त्याला चपला टांगलेल्या होत्या आणि मास्तरने दोन्ही हातांनी त्या अजून धरून ठेवल्या होत्या, कुणी ओढून नेईल अशा.

ऑपरेटर स्टुलावर बसला होता. एक कप त्याच्या हातात होता. पुसून झाला होता तरी तो पुसत होता.

"हँडल रिकामं होतं," तो म्हणाला. "मला वाटलं तू येऊन गेलास. नेहमीसारखा न सांगता."

"हो," दाजी म्हणाला.

"मी हाक मारली असती तर. पण म्हटलं, परत काहीतरी नाटक करशील."

"हो."

"फोन तुझे होते ना ते?"

"माझेच."

दाजीला काहीतरी विनोदी बोलायचं होतं. अशा वेळी तोच बोलायचा, आणि लोक वाटच बघत असायचे. मास्तर त्याच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं.

"मी काढल्या चपला," मास्तर म्हणाला. "मला माहीत नव्हतं."

"तुला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. आणि ते बूट."

मौनी माठाजवळ जाऊन पाणी प्यायला. तांब्या जागेवर ठेवला, तोंड पुसलं. मग तो दाजीपाशी आला. दाजीने मान खाली घातली. शिव्या येतील, एक हात पडेल, काय पडेल ते पडो.

"अर्धा जोड राहिलाय," मौनी म्हणाला. "साखळी घे बरोबर. आणि माझी जोडी वेगळी टांग."

त्या वर्षातलं हे त्याचं सगळ्यात मोठं भाषण असावं.

पण मौनीकडे चपला कुठे होत्या? तो बूट घालूनच घरून निघालेला. ऑपरेटर म्हणाला, माझ्या टांगा, तर त्याच्या पायात रबरी सपाता, शॉक लागू नये म्हणून पॅनेलसमोर त्या काढता येत नाहीत. दाजी उठला आणि बाहेर गेला. तिसऱ्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून त्याने बूट काढले, आपटून वाळू झाडली, शर्टाच्या बाहीने एक पुसला, दुसरा पुसला आणि आत आणून मास्तरपुढे ठेवले.

मास्तरने ते पायात घातले नाहीत. दोन्ही नाड्या एकमेकींना बांधल्या आणि बूट हँडलला, चपलांच्या शेजारी, टांगले.

"हे ह्यांचे," तो मौनीकडे बोट दाखवून म्हणाला. "माझ्या पायांना आज काही काम नाही. मी इथेच बसतो."

आणि खरंच तो हँडलच्या खाली रबरी चटईवर मांडी घालून बसला, देवळाच्या दाराशी पायताण सांभाळणारा बसतो तसा. बुटातून थोडी थोडी वाळू त्याच्या खांद्यावर सांडत होती. त्याने ती झटकली नाही.

दाजीने साखळी खांद्यावर घेतली. दाराशी थांबला.

"मास्तर, पैज तू जिंकलास," तो म्हणाला. "मला पुढचं एकही आठवत नाहीये."

"आधी खाली या," मास्तर म्हणाला. "मग बघू कोण कुणाचे बूट पुसतंय."

साखळीचा खळखळाट गेटपर्यंत गेला. ऑपरेटरने शेवटी तो कप खाली ठेवला. फोन वाजला. त्याच्याआधी मास्तरनेच बसल्या जागेवरून वायर ओढून रिसीव्हर घेतला.

"लाइन कधी येणार?" पलीकडून कुणीतरी खेकसलं.

मास्तरने वर बघितलं. चपला होत्या. बूट होते.

"ज्याच्या त्याने येऊन पायताण नेलं, की येईल," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.